हँडहेल्ड कन्सोलवाल्यांनो, शेजारी बसलेल्याशी खेळायला इंटरनेट कशाला हो लागतं?

सोनी, निन्टेंडो आणि हातात धरून खेळायचे कन्सोल बनवणाऱ्या बाकी सगळ्या कंपन्यांच्या फर्मवेअर (म्हणजे कन्सोल चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टीम यांस,

स. न. वि. वि.

मुद्दा आधी सांगून टाकते, भांडण नंतर सावकाश करू. दोन कन्सोल एकाच खोलीत आहेत, दोन्हीत गेम आहे, बॅटरी फुल आहे, खेळणारे मांडीला मांडी लावून बसलेत, तर त्यांना एकमेकांशी वायरलेसवर खेळायला तिसऱ्या कुणाची परवानगी लागता कामा नये. तुमच्या सर्व्हरची नाही, स्टोअरच्या लॉगिनची नाही आणि परवा रात्री सोडलेल्या सिस्टिम अपडेटची तर मुळीच नाही. मागणं एवढं एकच आहे, पुढचं सगळं त्याचंच पुराण.

मी डेव्हलपर वगैरे नाही हो. ठाण्यात राहते, नोकरी करते, कॉलेजपासून हँडहेल्डवर खेळतेय आणि आता घरातल्या सगळ्या पोरांचे कन्सोल सेटअप करून द्यायचं खातं आपोआप माझ्याकडे आलंय, त्यामुळे तुमच्या त्या अपडेटच्या पट्टीशी माझी जुनी ओळख आहे.

गेल्या गणपतीत गावी जमलो होतो, देवगडपासून बरंच आत, तिथं मोबाईलची रेंज म्हणजे अंगणाच्या एका कोपऱ्यात एक दांडी आणि तीपण मूड असेल तर. भावाची दोन पोरं शारजाहून आलेली, चुलतभावाचा मुलगा डोंबिवलीचा, तिघांकडे एकाच कंपनीचे कन्सोल आणि एकच रेसिंगचा गेम. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच झालं असतं. पोरांनी आरतीच्या आधीच चटईवर जागा धरून लोकल मल्टिप्लेअर चालू केलं आणि डोंबिवलीवाल्याच्या स्क्रीनवर मेसेज आला की अपडेट केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. "आत्या, हॉटस्पॉट दे ना गं." दिला. आरत्या झाल्या, मंत्रपुष्प झालं, मोदक वाटून झाले, पट्टी आपली तिथंच. शेवटी तो बिचारा बाकी दोघांच्या खांद्यावरून बघत बसला. तीन कन्सोल एका चटईवर, सिग्नल एकमेकांना छान पोचतोय, आणि पोरगं खेळू शकत नाही कारण कुठल्यातरी सातासमुद्रापारच्या सर्व्हरवरून एक फाइल यायची राहिलीय. पंगतीत पान मांडून बसलेल्या माणसाला उठवून तलाठ्याचा दाखला आणायला पिटाळण्यातला प्रकार झाला हा.

राग कशाचा येतो माहितीय का, हे तुम्हाला जमत नाही असं नाहीचे. तुम्हीच हे करून दाखवलेलं आहे, तेही वीस वर्षांपूर्वी.

निन्टेंडो डीएस घ्या. २००४ सालचा कन्सोल. त्याचं फर्मवेअर विकत घेतलं तेव्हा जे होतं तेच शेवटपर्यंत, घरी बसून ते अपडेट करायची सोयच दिलेली नव्हती, ती पुढं डीएसआय या त्याच्या नंतरच्या मॉडेलपासून आली. आता एखाद्याला वाटेल की अपडेट नाही म्हणजे मागास. पण आज कपाटातून दोन जुने डीएस काढा, चार्ज करा, समोरासमोर धरा, दोघं लगेच एकमेकांना सापडतात, कुठला आधी घेतलेला आणि कुठला नंतरचा याची कन्सोलला पडलेलीच नसते. वर त्यात डाउनलोड प्ले होतं, म्हणजे कार्ट्रिज एकाकडेच असली तरी बाकीच्यांनी त्याच्याकडून गेमचा छोटा भाग हवेतून उतरवून घ्यायचा आणि खेळायचं, बंद केलं की तो भाग मेमरीतून गायब. एकाने गेम विकत घ्यायचा आणि चौघांनी खेळायचं. आमच्यासारख्या, गेमसाठी महिनोन्महिने पैसे साठवणाऱ्या देशातल्या पोरांना याचं मोल काय असतं ते तुमच्या मार्केटिंगवाल्यांना कळणार नाही. (पिक्टोचॅट तर राहूनच गेलं. नेट नाही, सिम नाही, आणि वर्गातल्या वर्गात चित्र काढून पाठवायची सोय. कुणी डिझाइन केलं असेल त्याचं भलं होवो.)

आणि पीएसपी, सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल. डिसेंबर २००४ मध्ये जपानात आला, पुढच्या वर्षी अमेरिका आणि युरोपात, आणि आपल्याकडे लॅमिंग्टन रोडच्या आणि पुण्याच्या तपकीर गल्लीच्या कृपेने ज्याला जसा मिळेल तसा. त्यात वायफायचे दोन मोड होते. एक इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे राउटरमधून इंटरनेटला जाणारा. दुसरा अ‍ॅड हॉक, म्हणजे कन्सोल ते कन्सोल थेट, मध्ये राउटर नाही, नेट नाही, अकाउंट नाही, आणि गेमने सोय दिली असेल तर सोळा जणांपर्यंत. कन्सोलच्या अंगावर वायफायचं खरंखुरं ढकलायचं बटण होतं. सेटिंगमध्ये अ‍ॅड हॉकचा चॅनल निवडता यायचा, ऑटोमॅटिक किंवा १, ६, ११, आणि दोघांनी वेगवेगळा निवडला की एकमेकांना दिसायचे नाहीत, की मग "तुझा कितीवर आहे रे" असं ओरडून विचारायचं आणि जुळवायचं. म्हणजे बिघाड झाला तरी तो कुठं झालाय हे आम्हाला शोधता येत होतं. आता काय होतं? एक गोल फिरतो, मग एक कोड येतो, आकडे आणि डॅश, आणि खाली लिहिलेलं असतं की नंतर पुन्हा प्रयत्न करा.

पीएसपीचं अपडेट करायच्या पण वाटा होत्या. नेटवरून करा, किंवा कम्प्युटरवर फाइल उतरवून मेमरी स्टिकवर टाका, किंवा गेमच्या यूएमडी डिस्कवरच नवं फर्मवेअर आलेलं असायचं ते घ्या. मी तेव्हा साताऱ्यात होते, २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड म्हणजे श्रीमंती, त्यामुळे मी दुसरी वाट धरायची, सायबर कॅफेत बसून फाइल घ्यायची आणि मेमरी स्टिकवर पीएसपी नावाचा फोल्डर, त्यात गेम नावाचा, त्यात अपडेट नावाचा, असे फोल्डरात फोल्डर करून त्यात ती ईबूट फाइल ठेवायची. एक स्पेलिंग चुकलं की कन्सोल म्हणणार इथं काहीच नाही. पण एकदा ती फाइल हातात आली की ती आख्ख्या ग्रुपची झाली. एकाने कॅफेला पैसे भरायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मेमरी स्टिकवरून कॉपी करून घ्यायचं. कुणाच्या घरी नेट आहे का हा प्रश्नच नाही.

त्यात ते भारनियमनाचे दिवस. पीएसपी अपडेटच्या आधी बघायचा की चार्जर लावलेला आहे का आणि शिवाय बॅटरीतही पुरेसं चार्जिंग आहे का, दोन्ही असेल तरच पुढं. आम्ही वैतागायचो, कारण लाइट गेलेली असताना चार्जर लावून उपयोग काय, अपडेट सुरूच होत नाही. पण अर्ध्यात लाइट गेली असती आणि बॅटरीही नसती तर फर्मवेअर अर्धवट लिहून कन्सोल ब्रिक, म्हणजे नुसती वीट, खेळ खलास. बॅटरी मधल्या मधे सांभाळून घ्यायची म्हणून कितीतरी पीएसपी वाचले. हा नियम टोकियोत बसून लिहिणाऱ्याला महाराष्ट्रातल्या भारनियमनाचं वेळापत्रक काय माहीत असणार, पण त्याने बरोबर लिहिलं, त्याला माझा नमस्कार सांगा.

पीएसपीचं सगळं गोडच होतं असंही नाही. तीच यूएमडी डिस्क, जिच्यावर अपडेट फुकट यायचा, तीच तो लादायचीही. नवा गेम टाकला की आधी फर्मवेअर वाढव, नाहीतर गेम सुरू होणार नाही. याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. लोक फर्मवेअरमधली भोकं शोधून स्वतःचे प्रोग्राम चालवत होते, काही जण अर्थात पायरेटेड गेमपण चालवत होते, २.०० नंबरच्या फर्मवेअरमध्ये एका चित्राच्या फाइलमधून घुसले, २००७ मध्ये एका पझल गेमच्या सेव्ह फाइलमधून घुसले, की सोनीने लगेच पुढचा नंबर काढून भोक बुजवायचं. या उंदीर-मांजराच्या खेळात साध्या खेळणाऱ्याचा तोटा हा झाला की अपडेट म्हणजे काहीतरी काढून घेणार अशी भीतीच बसली. बऱ्याच अपडेटमध्ये चांगलं पण होतं की, २.०० मध्ये ब्राउझर आला, ३.५० पासून गेमना प्रोसेसरचा पूर्ण ३३३ मेगाहर्ट्झ वेग वापरता येऊ लागला, आधी तो २२२ वर अडवून ठेवलेला होता. पण हे कुणाला सांगून पटत नव्हतं, कारण गाजर आणि कुलूप तुम्ही एकाच फाइलमध्ये बांधून पाठवत होतात. आजही तेच करता. नवं फीचर, सुरक्षेची दुरुस्ती आणि आमच्या हातातली एखादी गोष्ट बंद करणं, तिन्ही एका पुडीत, घ्यायची तर अख्खी घ्या.

अ‍ॅड हॉकची ताकद बघायची तर जपानकडे बघा. मॉन्स्टर हंटरचे पीएसपीवरचे गेम, चौघं मिळून शिकार करायची, आणि पीएसपीवर त्यात मल्टिप्लेअर फक्त अ‍ॅड हॉक, इंटरनेट मोडच नाही. म्हणजे चौघांनी खरोखर एकत्र भेटायचं. शाळकरी पोरं, ऑफिसवाले, सगळे कुठंतरी टेबल धरून बसलेले, माना खाली. २०१० च्या डिसेंबरमध्ये त्यातला तिसरा पोर्टेबल गेम आला तो एकट्या जपानात चाळीस लाखांच्या वर खपला. आता मला सांगा, एवढा मोठा धंदा कुठल्या सर्व्हरवर चालला? कुठल्याच नाही. ज्यांना भेटायला जमत नव्हतं त्यांच्यासाठी सोनीने २००८ मध्ये पीएस३ वर, म्हणजे टीव्हीला लावायच्या प्लेस्टेशन ३ वर, अ‍ॅड हॉक पार्टी आणलं, पीएसपीला वाटायचं की शेजारी दुसरा पीएसपी आहे, प्रत्यक्षात पीएस३ त्याने पाठवलेली माहिती उचलून इंटरनेटवरून दुसऱ्या गावातल्या पीएस३ ला द्यायचा आणि तो तिथल्या पीएसपीला. किती साधी आयडिया आहे बघा, मूळ गोष्ट शेजारधर्माची ठेवायची आणि लांबच्यांसाठी वरून पूल बांधायचा. तुम्ही आता उलटं करता, मूळ गोष्ट सर्व्हरची आणि शेजाऱ्याने पण त्या पुलावरून फिरून यायचं.

मग २०११ मध्ये सोनीनेच पीएसपीचा स्वस्तातला ई-१००० मॉडेल काढला आणि त्यातून वायफायच काढून टाकलं. ९९ युरोचा कन्सोल, गेम तेच, डिस्कवर मल्टिप्लेअरचा मेनू तोच, पण समोरच्याला हाक मारायची सोयच नाही. आणि आता पुढची पायरी म्हणजे प्लेस्टेशन पोर्टल, २०२३ चा, हातात धरायचा खरा, पण वायफाय गेलं की त्यात खेळण्यासारखं काही उरत नाही. ज्यांनी सोळा जणांना राउटरशिवाय जोडून दाखवलं त्यांचंच हे घर. असो.

आता तुमची बाजू. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार. गेमचं व्हर्जन सारखं नसेल तर मल्टिप्लेअर चालतच नाही. मान्य. अगदी मान्य. कारण बऱ्याच गेममध्ये दोन्ही कन्सोल सगळं जग स्वतःच चालवत असतात आणि एकमेकांना फक्त कुठलं बटण कधी दाबलं तेवढंच सांगतात, तेच परवडतं, हवेतून सगळी चित्रं कोण पाठवणार. मग एकाच्या व्हर्जनमध्ये गाडीचा वेग चिमूटभर वाढवलेला असेल तर त्याच्या स्क्रीनवर तो पुलावर आणि माझ्या स्क्रीनवर तो नदीत, आणि पुढचं सगळंच बोंबललं. त्यामुळे गेमचं व्हर्जन जुळवायला हवं यात वाद नाही. वाद दोन ठिकाणी आहे. एक, सिस्टिमच्या फर्मवेअरचा यात काय संबंध? दोन कन्सोलनी एकमेकांना कसं शोधायचं, कसं जोडायचं, ही भाषा तुम्ही कन्सोल बाजारात आणला त्या दिवशी ठरलेली असते, ती दर अपडेटला बदलायची गरज नसते आणि तुम्ही बदलतही नसणार, तरीपण नंबर जुना दिसला की दार बंद. आणि दुसरं, व्हर्जन जुळवायचंच आहे तर नवं व्हर्जन शेजारच्या कन्सोलमध्ये आहे की! तिथूनच घ्या ना.

आणि हे निन्टेंडोने स्विच या नंतरच्या कन्सोलमध्ये केलेलं आहे, मान्य करायला हवं. गेमच्या ऑप्शनमध्ये, सॉफ्टवेअर अपडेटच्या खाली, जवळच्या खेळाडूंशी व्हर्जन जुळवा अशा अर्थाचा एक पर्याय असतो. नेट लागत नाही, ज्याच्याकडे नवं आहे तो देतो, ज्याच्याकडे जुनं आहे तो घेतो, हवेतून, शेजारून. फार सुंदर सोय. पण ती कुठं पुरून ठेवलीय बघा, चार मेनू आत, कितीतरी स्विचवाल्यांना मी स्वतः हे दाखवलंय आणि ते वर्षानुवर्ष वापरत असून "अय्या, हे होतं?" म्हणालेत. खेळायला बसल्यावर व्हर्जन जुळत नाही असा मेसेज येतो तेव्हा त्याच मेसेजखाली हे बटण का नाही? नेमकं तेव्हाच तर हवं असतं! आणि बाकीच्या कंपन्यांनी ही कल्पना अजून उचलली का नाही? कम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमने २०२३ मध्ये घरातल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर लोकल नेटवर्कने गेम कॉपी करायची सोय दिली, त्यामुळे स्टीम डेक या त्यांच्या हँडहेल्डवाल्यांचा डाउनलोड वाचला, तेवढं चांगलं झालं, पण तिथंही आधी ऑनलाइन लॉगिन आहेच.

स्विच २ मध्ये गेमशेअर आलंय, एकाकडे गेम, बाकीच्यांनी शेजारी बसून खेळायचं, जुन्या स्विचवर सुद्धा. डीएसची ती डाउनलोड प्लेची पुण्याई फिरून आली म्हणून मला खरंच आनंद झाला. पण त्याच स्विच २ चा डबा जून २०२५ मध्ये उघडल्यावर पहिलं काम काय, तर नेटला लावून सिस्टिम अपडेट, नाहीतर जुन्या स्विचचे गेम त्यावर चालणार नाहीत. दुकानातून आणलेला नवाकोरा कन्सोल, खिशात जुनी कार्ट्रिज, आणि नेट नसेल तर दोन्ही शोभेला.

सुरक्षेचं पण बोलते, नाहीतर म्हणाल बाईला काही समजत नाही. अपडेट नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाहीये. डिसेंबर २०२२ मध्ये निन्टेंडोच्या मारिओ कार्ट ७ ला अचानक अपडेट आला, २०११ चा गेम, त्याआधीचा अपडेट २०१२ चा, लोक चक्रावले की दहा वर्षांनी आता काय. नंतर कळलं की निन्टेंडोच्या बऱ्याच गेममधल्या नेटवर्कच्या कोडमध्ये असं भोक होतं की तुमच्याबरोबर ऑनलाइन मॅचमध्ये नुसता कुणी आला तरी तो तुमच्या कन्सोलवर हवा तो कोड चालवू शकत होता. अशी गोष्ट सापडल्यावर बुजवायलाच हवी आणि दहा वर्षांनी बुजवली म्हणून त्यांचं कौतुकच आहे. पण धोका अनोळखी माणसाचा असतो ना? इंटरनेटवर खेळायला अपडेट सक्तीचं करा, मी तुमच्या बाजूने भांडेन. चटईवर बसलेल्या सख्ख्या भावाशी खेळताना मात्र एक सूचना दाखवा की बाबा, समोरच्याचं व्हर्जन जुनं आहे, चालेल का, आणि हो म्हटलं की खेळू द्या.

बरं, आता सर्व्हर बंद व्हायची गोष्ट, कारण तिथंच या सगळ्याचा खरा हिशेब लागतो. डीएसची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ ला बंद झाली. त्याच्या पुढच्या थ्रीडीएसची ८ एप्रिल २०२४ ला. त्या दिवसानंतर त्या कन्सोलवरच्या मल्टिप्लेअरचं काय शिल्लक राहिलं, तर जवळजवळ फक्त तेवढंच जे कधी सर्व्हरवर अवलंबून नव्हतं, लोकल वायरलेस. त्याला धक्कासुद्धा लागला नाही. ऑनलाइनचं काही परत मिळालं असेल तर ते चाहत्यांनी स्वतः सर्व्हर उभे केले म्हणून, डीएससाठी वीमफी, थ्रीडीएससाठी प्रिटेंडो, आणि प्रिटेंडोला जोडायचं तर आधी कन्सोल हॅक करावा लागतो. म्हणजे बघा हं, ज्या गेमचे पैसे मी तुम्हाला दिलेत तो गेम तुम्ही सोडून दिल्यावर खेळत राहायचा असेल तर मला तुमचंच कुलूप फोडावं लागतं. आणि फर्मवेअर अपडेटने ते फोडलेलं कुलूप परत बसू शकतं, म्हणून लोक सेवा बंद पडलेल्या कन्सोलचे अपडेट पण घाबरून घेत नाहीत. काय साधलं मग?

म्हणून शेवटच्या फर्मवेअरबद्दल माझी खास विनंती आहे. प्रत्येक कन्सोलचं एक शेवटचं फर्मवेअर असतंच, पीएसपीचं ६.६१ होतं, २०१५ चं. तुम्हाला आतून माहीत असतं की हे शेवटचं. तर त्यात सेटिंगमध्ये एक रकाना द्या, सर्व्हरचा पत्ता लिहायचा, ज्याला हवा त्याने आपला लिहावा. ऑनलाइन मोड होता तिथं घरातल्या राउटरवरून चालणारा लॅन मोड द्या. व्हर्जनची सक्ती काढा. आणि वायफायची सिक्युरिटी तेवढी नवी करून द्या, कारण हा एक वेगळाच ताप आहे. डीएसच्या गेमना डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी, कच्ची पद्धत सोडून दुसरं काही समजत नाही, पीएसपीची गाडी त्यानंतरच्या डब्ल्यूपीएवर थांबली, आणि आजचे राउटर आणि मोबाईलचे हॉटस्पॉट डब्ल्यूपीए२ किंवा ३ च्या खाली उतरायला तयार नसतात, उतरवू पण नयेत, घरातल्या बँकिंगच्या मोबाईलची सुरक्षा गेमसाठी कोण कमी करणार. म्हणजे जुना कन्सोल नेटला जोडलाच जात नाही, आणि तुम्ही म्हणता नेटला जोडून अपडेट करा. कसा करणार? त्यासाठी अपडेटची फाइल तुमच्या वेबसाइटवर कायम असू द्या, मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर टाकून घेता येईल अशी. एका फाइलला तुमच्याकडे जागा किती लागते?

आणि त्या फाइलबरोबर चार ओळी खऱ्या लिहा हो. दर वेळी "सिस्टिमच्या स्थिरतेत सुधारणा" एवढंच. इतक्या वर्षांत इतकी सुधारणा झालीय की आमचे कन्सोल आता सह्याद्रीइतके स्थिर व्हायला हवे होते. काय बदललं, लोकल वायरलेसला धक्का लागतो का, जुन्या व्हर्जनवाल्याबरोबर खेळता येणार का, या तीन गोष्टी कळल्या तरी गावी निघायच्या आधी कुठला कन्सोल अपडेट करून न्यायचा ते आम्ही ठरवू.

युरोपात बंद पडणाऱ्या गेमविरुद्ध जी नागरिकांची मागणी झाली तिला २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं आहेत, गाड्या आहेत, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स आहे, पण फर्मवेअर हा दुरुस्तीचाच भाग आहे हे अजून आपल्या डोक्यात पुरतं शिरलेलं नाही, ट्रॅक्टरवाल्यांना ते आपल्याआधी कळेल बहुतेक. कायदा आला की तुम्ही करालच, त्यात काही विशेष नाही. त्याआधी स्वतःहून केलंत तर लोक नाव काढतील, जसं मी वर पिक्टोचॅटवाल्याचं काढलं.

पुढच्या कन्सोलच्या पहिल्या मीटिंगला एवढा एक नियम फळ्यावर लिहून ठेवा: नेट नसलेल्या खोलीत दोन वेगवेगळ्या व्हर्जनचे कन्सोल ठेवून टेस्ट करायचं, आणि खेळता आलं नाही तर तो बग धरायचा. टेस्टिंगला जागा हवी असेल तर आमच्या गावच्या घराची ओटी भाद्रपदात मोकळी नसते, पण मे महिन्यात या, आंबे पण होतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
ठाण्याची एक खेळणारी आत्या

ता. क. हे पत्र वाचून कुणाला जुना पीएसपी घ्यायचा मोह झाला तर मागचा मॉडेल नंबर बघून घ्या, ई-१००० च्या घरातला निघाला तर त्यात वायफाय नाही, दुकानदार कितीही "सेटिंगमध्ये आहे मॅडम" म्हणाला तरी. आणि बॅटरी फुगलेली आहे का तेही मागचं झाकण उघडून बघा, इतक्या जुन्या बऱ्याच फुगलेल्या असतात, आणि चांगल्या बॅटरीशिवाय तो अपडेट सुरू होणार नाही.